३०० ओहमच्या हेडफोनसाठी घरी बांधलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर : सर्किट, सुटे भाग आणि बदल

खर्जषड्ज (पुणे)

हेडफोनच्या जुन्या धाग्यावर काही जणांनी विचारलं होतं की व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, हेडफोन अँप्लिफायर घरी बांधता येतो का, आणि बांधला तर तयार डब्यापेक्षा वेगळं काय हाती लागतं. बांधता येतो. माझा कसा बांधला ते सविस्तर लिहितो, म्हणजे ज्यांना करायचं आहे त्यांना सुरुवात करता येईल.

सर्किटची कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या बॉटलहेडचं 'क्रॅक' नावाचं किट या जातीतलं सर्वांत ओळखीचं: एक १२एयू७ आणि एक ६०८० असे दोन व्हॉल्व्ह, आणि आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नाही. अशा रचनेला ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर-लेस) म्हणतात. मी त्याच वळणाचं सर्किट घेतलं आणि पॉवर सप्लाय आपल्या २३० व्होल्टच्या हिशेबाने वेगळा केला.

आधी हेडफोन बघा, मग व्हॉल्व्ह. हे सर्किट चढ्या इम्पिडन्सच्या (सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) हेडफोनसाठीच आहे. सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५० हे ३०० ओहमचे, बायरडायनॅमिकच्या डीटी ८८०चे ६०० आणि २५० ओहमचे प्रकार, एवढ्यांसाठी बांधायला हरकत नाही. कारण या अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहमच्या आसपास आहे. ३०० ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ७० टक्के व्होल्टेज मिळतं. ३२ ओहमच्या हेडफोनला जेमतेम २० टक्के.

यात एक गंमत आहे जी समजली तर पुढचा बराच वाद मिटतो. एचडी ६५०चा इम्पिडन्स सगळीकडे ३०० नसतो. १०० हर्ट्झच्या थोडं खाली तो ५०० ओहमपर्यंत चढतो. तिथे व्होल्टेजची वाटणी बदलते आणि खालच्या सुरांना साधारण १ डेसिबल जास्त मिळतं. लोक ज्याला व्हॉल्व्हचा 'वॉर्म साउंड' म्हणतात त्यातला मोठा वाटा या एका डेसिबलचा आहे असं माझं ठाम मत आहे. ते मला आवडतं. मृदंगाच्या धुमेला आणि तानपुऱ्याच्या खर्जाला त्याने भरीवपणा येतो. पण ते कुठून आलं हे माहीत असावं, म्हणजे माणूस महागडे कपॅसिटर बदलत बसत नाही.

आता सर्किट. १२एयू७च्या एका काचेत दोन ट्रायोड (प्लेट, ग्रिड आणि कॅथोड असे तीन भाग असलेले व्हॉल्व्ह) असतात, एक डाव्या चॅनलला, एक उजव्याला. ६०८०चंही तसंच. प्रत्येक बाजूला १२एयू७च्या प्लेटवर २२ के (किलोओहम) रेझिस्टर आणि कॅथोडखाली साधा लाल एलईडी. एलईडीवर १.६ ते १.७ व्होल्ट पडतात, तोच बायस, म्हणजे ग्रिड आणि कॅथोडमधला ठरलेला फरक. प्लेट ८० ते ९० व्होल्टवर स्थिरावते आणि ती ६०८०च्या ग्रिडला थेट जोडलेली आहे, मध्ये कपॅसिटर नाही. ६०८० कॅथोड फॉलोअर म्हणून काम करतो, म्हणजे ग्रिडवर जे येतं तेच कॅथोडवरून जास्त करंटने पुढे देतो. त्याचा कॅथोड १०० व्होल्टच्या आसपास, खाली ३ के, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. म्हणजे दर चॅनलला सुमारे ३३ मिलिअँपिअर. कॅथोडवरून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे हेडफोन. सिग्नलच्या वाटेत कपॅसिटर हा एवढाच.

६०८० आणि त्याच जातीचा ६एएस७जी हे ऑडिओसाठी जन्मलेच नव्हते. रेग्युलेटेड पॉवर सप्लायमध्ये मोठा करंट वाहून नेणं हे त्यांचं काम. म्हणून प्लेट रेझिस्टन्स २८० ओहम इतका कमी आणि अँप्लिफिकेशन फॅक्टर फक्त २. व्होल्टेज वाढवायला निरुपयोगी, पण हेडफोन ओढायला योग्य. रशियन ६एन१३एस हा याचाच जोडीदार आणि तो अजून बऱ्यापैकी मिळतो.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो पॉवर सप्लाय. ६०८०चा हीटर (कॅथोड तापवणारी आतली तार) एकटाच ६.३ व्होल्टवर २.५ अँपिअर खातो, १२एयू७ आणखी ०.३. म्हणून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्याला हीटरचं वाइंडिंग ६.३ व्होल्ट, ४ अँपिअर सांगितलं. एचटीसाठी, म्हणजे प्लेटच्या चढ्या व्होल्टेजसाठी, १५० व्होल्ट, १५० मिलिअँपिअर. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड घ्यायला लावली, एकच वेढा, टोकं एकमेकांना न टेकणारी. प्रायमरी २३० सांगा, आणि २४०चा टॅप ठेवायला सांगा. सवयीने अजून २२०ची प्रायमरी गुंडाळून मिळते. त्यावर २४० आले की ६.३चे जवळजवळ ६.९ होतात आणि हीटरचं आयुष्य कमी होतं.

१५० व्होल्टचे रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी झाल्यावर) २०५ ते २१० होतात. त्यापुढे २२० मायक्रोफॅरड, २७० ओहम, २२० मायक्रोफॅरड, २७० ओहम, २२० मायक्रोफॅरड. एकूण करंट ८० मिलिअँपिअरच्या जवळ, म्हणून प्रत्येक २७० ओहमवर २१-२२ व्होल्ट पडतात आणि शेवटी १६० ते १६५ उरतात. पहिल्या कपॅसिटरवर साडेतीन व्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) असतो, तिसऱ्यावर तो दोन-तीन मिलिव्होल्टवर येतो. रेझिस्टर ५ वॅटचे घ्या. कपॅसिटर ३५० व्होल्टचे, २५०चे नकोत: व्हॉल्व्ह थंड असताना लोड नसतो, लाइन २५०वर गेलेली असेल तर पहिला कपॅसिटर सहज २४०च्या पुढे जातो.

शेवटच्या कपॅसिटरला ४७ के, २ वॅटचा ब्लीडर. हा रेझिस्टर चुकूनही वगळू नका. स्विच बंद केल्यावर ५० व्होल्टच्या खाली यायला त्याला ४० सेकंद लागतात, पूर्ण रिकामं व्हायला अडीच मिनिटं. तेवढा वेळ थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची, मगच हात घालायचा. हे सर्किट जीव घेऊ शकतं. घरात ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका: ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी बाजूला एचटी आणि चासीच्या (पत्र्याच्या सांगाड्याच्या) मध्ये माणूस सापडला तर ईएलसीबीला ते कळतच नाही. ज्यांनी आजवर फक्त ५ आणि १२ व्होल्टवर काम केलंय त्यांनी पहिल्यांदा अनुभवी माणसाला शेजारी बसवूनच सुरू करावं.

चासी ३ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची, भोवती सागवानी चौकट सुताराकडून करून घेतली. सॉकेट, टॅग स्ट्रिप (सुटे भाग सोल्डर करायच्या पट्ट्या), स्लीव्ह, वायर हे सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळालं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. व्हॉल्व्ह मात्र ऑनलाइनच. पीसीबी वापरला नाही. टॅग स्ट्रिपवर केलं की पुढे बदल करणं सोपं जातं, आणि या धाग्याचा उद्देश मुख्यतः तोच आहे. प्रश्न विचारा.

अंतरा

वाचनखूण साठवली. इतकं स्वच्छ लिहिलेलं मराठीत वाचलं नव्हतं.

माझ्याकडे ३२ ओहमचे हेडफोन आहेत आणि ते बदलायचे नाहीत. आउटपुटचा कपॅसिटर १०० ऐवजी ४७० केला तर चालेल का? एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं.

खर्जषड्ज (पुणे)

अंतरा, अडचण कपॅसिटरची नाहीच. १२० अधिक ३२, म्हणजे १५२ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड. याचा कोपरा, म्हणजे ज्याच्या खाली सूर कमी होऊ लागतात ती फ्रीक्वेन्सी, १० हर्ट्झच्या आसपास येतो. खालचे सूर १०० मायक्रोफॅरडमध्येही कापले जात नाहीत.

अडचण करंटची आहे. व्हॉल्व्हमध्ये उभा करंट ३३-३५ मिलिअँपिअर. सिंगल एंडेड क्लास ए (एकाच व्हॉल्व्हमधून करंट सतत वाहणारं) सर्किट असल्यामुळे त्यापेक्षा जास्त देताच येत नाही. ३५ मिलिअँपिअर गुणिले ३२ ओहम, म्हणजे शिखराला १.१ व्होल्ट, जेमतेम २० मिलिवॅट. त्याच्या कितीतरी आधी डिस्टॉर्शन वाढू लागतं, कारण १२० ओहमच्या उगमाला ३२ ओहमचा लोड फार जड पडतो. शिवाय हेडफोनच्या पडद्याला लगाम उरत नाही, बास सैल होतो. कपॅसिटर हजारचा केला तरी यातलं काही बदलत नाही.

तुमच्यासाठी हायब्रिड योग्य. पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेटचा बफर. अमेरिकन डिझायनर पीट मिलेट यांचं हायब्रिड सर्किट बघा. त्यात १२एई६, १२एफके६, १२एफएम६ असे व्हॉल्व्ह आहेत, जे १९५०च्या दशकात मोटारींच्या रेडिओसाठी निघाले होते आणि ज्यांची प्लेट १२ व्होल्टवरही चालते. तुमची अडचण सुटते आणि घरात जीवघेणा एचटीही येत नाही. पहिल्या प्रकल्पासाठी मी कुणालाही हेच सुचवेन.

धुनी

६जे१ची स्वस्त चिनी किट येतात, हिरवी पाटी, दोन बुटके व्हॉल्व्ह, खाली निळा एलईडी. तेही चालेल का हेडफोनला?

खर्जषड्ज (पुणे)

ते प्रीअँप आहे. त्याच्या पुढे पॉवर अँप्लिफायर लागतो, हेडफोन थेट लावला तर तो ओढू शकत नाही. सोल्डरिंगचा हात बसवायला मात्र चांगलं.

जुना_रेडिओ (मिरज)

धागा पाहून फार आनंद झाला. माझं आयुष्य व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या दुरुस्तीत गेलं. थोडं माझ्याकडून.

बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या रेडिओंत बीईएलचे व्हॉल्व्ह दिसू लागले. चांगले, टिकाऊ. आजही जुन्या दुकानदारांकडे डबाबंद सापडतात. पण एक लक्षात घ्या: घरगुती रेडिओत ईसीसी८२, म्हणजे तुमचा १२एयू७, फारसा नसायचा. तो हवा असेल तर जुने स्पूल टेपरेकॉर्डर, व्हीटीव्हीएम (व्हॉल्व्हचे व्होल्टमीटर), ऑसिलोस्कोप यांत शोधा. रेडिओ फोडून काही हाताला लागणार नाही, आणि चालता रेडिओ फोडू तर मुळीच नये.

दुसरं, कुणी मोहात पडून जुन्या एसी-डीसी रेडिओचा सांगाडा यासाठी वापरू नका. यूसीएच८१, यूबीएफ८९, यूएल८४, यूवाय८५ अशी मंडळी ज्यात दिसतील त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. हीटर एकामागे एक सिरीजमध्ये आणि चासी सरळ लाइनला. पिन उलटी बसली की फेज पत्र्यावर येते. रेडिओला लाकडी किंवा बॅकेलाइटची पेटी होती म्हणून निभावलं. हेडफोन कानावर असतो, हे विसरू नका.

तिसरं, पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. जुना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. चालू केल्यावर क्षणभर उजळून मग मंद झाला तर बहुतेक ठीक, कारण थंड हीटर सुरुवातीला जास्त ओढतो. हे स्वस्त साधन ट्रान्सफॉर्मर वाचवतं.

आणि चालू सर्किटवर मीटर लावताना डावा हात खिशात. माझ्या उस्तादांनी शिकवलं, मी पुढच्यांना शिकवलं.

खर्जषड्ज (पुणे)

काका, तुमच्यासारख्या माणसाने हे लिहावं यासाठीच धागा काढला. मनापासून आभार. सिरीज बोर्डचा मुद्दा मूळ लेखात हवाच होता.

त्याला जोडून चालू करण्याचा क्रम लिहितो. आधी व्हॉल्व्ह न लावता फक्त ट्रान्सफॉर्मर, हीटरच्या पिनांवर व्होल्टेज बघा. ६०८०ला ७ आणि ८. १२एयू७ला ४ आणि ५ एकत्र, विरुद्ध ९. मग एचटी. मग बंद, कपॅसिटर रिकामे, खात्री. मग व्हॉल्व्ह लावून, हेडफोन न लावता, प्लेट आणि कॅथोडची व्होल्टेजं. सगळं जुळल्यावर आउटपुट जॅकवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टवर उतरलेलं असलं पाहिजे. मग एखादा जुना, गेला तरी चालेल असा हेडफोन. ३०० ओहमचा शेवटी.

हेडफोन नेहमी चालू केल्यावर मिनिटभराने लावायचा आणि बंद करण्याआधी काढायचा. हीटर तापत असताना ६०८०चा कॅथोड शून्यापासून १०० व्होल्टपर्यंत चढतो आणि आउटपुट कपॅसिटर भरण्याचा करंट हेडफोनमधून जातो. कपॅसिटरनंतर जमिनीला २.२ के रेझिस्टर लावला की हेडफोन नसतानाही तो भरला जातो. रोजच्या वापरात घरातल्या इतरांच्या लक्षात राहणार नाही असं वाटत असेल तर ६० सेकंदांचा टाइमर रिले बसवा. मी बसवलाय.

सह्यवेडा

धागाकर्त्यांची मेहनत दिसते, पण एक परखड प्रश्न विचारतो. आज एका छोट्या आयसीच्या अँप्लिफायरचं डिस्टॉर्शन ०.००१ टक्क्याच्या खाली असतं, आउटपुट इम्पिडन्स १ ओहमपेक्षा कमी. तुमच्या सर्किटचं डिस्टॉर्शन त्याच्या शेकडो पट असणार. मग ४० वॅट जाळून, १६५ व्होल्ट उराशी घेऊन हे कशासाठी?

खर्जषड्ज (पुणे)

प्रश्न रास्त आहे आणि तुमची तुलनाही बरोबर. मोजमापात आयसी जिंकतो. ज्याला रेकॉर्डिंग जसंच्या तसं ऐकायचंय त्याने तोच घ्यावा, मीही एडिटिंगसाठी तोच वापरतो.

पण डिस्टॉर्शनच्या आकड्याबरोबर त्याची जातही बघावी लागते. या सर्किटला ट्रायोड आहेत, मोठं फीडबॅक (आउटपुटचा भाग परत इनपुटला देणं) नाही, म्हणून जे डिस्टॉर्शन होतं ते बहुतेक दुसऱ्या हार्मोनिकचं. आता आपल्या भाषेत बोलू. मध्य सप्तकातल्या षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज. तिसरा म्हणजे तार सप्तकातला पंचम. हे दोन्ही सूर तानपुऱ्यात आधीच भरून असतात, गळ्यातही असतात. त्यात थोडी भर पडली तर कानाला ती परकी वाटत नाही. सातवा हार्मोनिक घ्या, तो आपल्या कोमल निषादाच्याही थोडा खाली, कुठल्याच सुरावर नीट न बसणारा. तो थोडासाही वाढला तरी खटकतो. म्हणून हळू आवाजात पॉइंट एक टक्का दुसरा हार्मोनिक मला चालतो.

आणि खरं कारण सांगू? आयसीच्या आत काय चाललंय ते मला कधीच बदलता येणार नाही. इथे एकेका रेझिस्टरचं काम मला माहीत आहे, तो बदलला तर काय होईल ते कागदावर मांडता येतं आणि संध्याकाळी करून ऐकता येतं. कुमारजींच्या निर्गुणी भजनांची जुनी रेकॉर्डिंग ऐकताना आवाज समोर उभा राहतो, तेव्हा तो कसा उभा राहिला हेही मला ठाऊक असतं. याची किंमत माझ्यासाठी ४० वॅटपेक्षा जास्त आहे.

धुनी

हार्मोनिकचा मुद्दा पटला. मी गाणं शिकते. मिरजेचा तानपुरा ज्यांनी जवारी लावताना पाहिलाय त्यांना माहीत असेल, जवारी म्हणजे घोडीवर धागा सरकवत वरचे सूर उघडत नेणं. तिथे कारागीर जाणूनबुजून तारेच्या स्वच्छ आवाजात भर घालतो आणि आपण त्याला सुरेल म्हणतो.

जुना_रेडिओ (मिरज)

धुनीताई, अगदी बरोबर. आमच्या गल्लीत हे रोज चालतं.

सह्यवेडा

आवडीचा मुद्दा असेल तर वाद नाही. '०.००१पेक्षा हे चांगलं' असं तुम्ही म्हटलं नाहीत याचा आनंद आहे. ऐकायला मिळालं तर आवडेल.

तांबडीमाती (सिंधुदुर्ग)

आमच्याकडे व्होल्टेजचं काही खरं नसतं. संध्याकाळी १९५, मध्यरात्रीनंतर २५०. पावसाळ्यात विजा. असा अँप्लिफायर इथे टिकेल का? आणि अर्थिंगबद्दल लिहा, इथे थ्री पिन सगळीकडे आहे पण तिसऱ्या भोकात वायर असेलच असं नाही.

खर्जषड्ज (पुणे)

अर्थिंगपासून सुरू करतो. मीटरने फेज आणि अर्थमध्ये मोजा, २३०च्या जवळ यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नको. पहिलं मोजमाप शून्य किंवा भलतंच आलं तर अर्थ नाही असं समजा, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पत्र्याच्या चासीतलं हे यंत्र त्या सॉकेटला लावू नका. यात तडजोड नको. चासी अर्थला बोल्टने पक्की, रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून.

व्होल्टेज: हीटरला ६.३ व्होल्टच्या वरखाली १० टक्के चालतात. १९५ला ते ५.३ होतील, आवाज मलूल होईल, व्हॉल्व्ह मरणार नाही. २५०ला ६.८५ होतात, ते रोज तासन्‌तास नको. तुमच्यासाठी प्रायमरीवर २३० आणि २५० असे दोन टॅप घ्या आणि पुढे साधा स्टॅबिलायझर ठेवा, टीव्हीला वापरतात तसला. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा, स्विच बंद करणं पुरत नाही.

कोकणातली दमट हवा सॉकेटच्या क्लिपा काळ्या करते. व्हॉल्व्ह महिन्या-दोन महिन्यांनी काढून परत बसवला, थंड असताना, तर तेवढ्या घर्षणाने संपर्क साफ राहतो. सिरॅमिक सॉकेट घ्या.

सागरपार (कॅलिफोर्निया)

इकडून किट घेऊन सुट्टीत भारतात न्यायचा विचार आहे, भावाला द्यायला. १२० व्होल्टचं आहे. कन्व्हर्टर लावून चालेल ना?

खर्जषड्ज (पुणे)

ट्रान्सफॉर्मरला दोन वेगळ्या ११५-१२०च्या प्रायमरी आहेत का बघा. असतील तर सिरीजमध्ये जोडा, कन्व्हर्टरची गरजच नाही. एकच असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय याची खात्री करा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला आपल्याकडे जास्त तापतो.

नवा_डाग

मी बांधायला घेतला होता, आज पहिल्यांदा चालू केला. सिरीज बोर्डवर ठीक, थेट लाइनवर ठीक. एचटी १६३. डावा चॅनल: १२एयू७ प्लेट ८४, ६०८० कॅथोड १०१. उजवा चॅनल: प्लेट १५५, ६०८० कॅथोड १४८. उजवीकडचा ३ के रेझिस्टर फार तापतोय. लगेच बंद केला. दोन्ही व्हॉल्व्ह नवे आहेत. ६०८० खराब आहे का?

खर्जषड्ज (पुणे)

लगेच बंद केलंत ते उत्तम. ६०८० निर्दोष आहे, तो ग्रिडला जे मिळतंय त्याच्या मागे चाललाय. उजवीकडचा १२एयू७ करंटच ओढत नाही, म्हणून २२ केवर काही पडत नाही आणि प्लेट एचटीपर्यंत वर गेली. १२एयू७च्या कॅथोडवर, म्हणजे पिन ३ किंवा ८, जी तुमची उजवी असेल ती, किती आहे? १.६ यायला हवं.

नवा_डाग

डावीकडे १.६४. उजवीकडे ११ व्होल्ट.

खर्जषड्ज (पुणे)

एलईडी उलटा आहे किंवा त्याचा एक पाय जमिनीला पोचलेला नाही. कॅथोड लटकत राहून व्हॉल्व्ह स्वतःलाच बंद करतोय. कपॅसिटर रिकामे करून तिथला सोल्डर परत करा आणि मीटरच्या डायोड मोडवर एलईडी तपासा.

नवा_डाग

पाय पोचलेला नव्हता, ड्राय सोल्डर. आता दोन्हीकडे ८४-८५ आणि १००-१०१. हेडफोन लावला, वाजला! डीटी ८८०, २५० ओहम. एक तक्रार: मागे बारीक घरघर आहे. आवाजाचा नॉब शून्यावर नेला तरी जात नाही.

जुना_रेडिओ (मिरज)

अभिनंदन. घरघर कशी आहे, जाड गुणगुण की थोडी कर्कश? जाड असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे हीटर किंवा ट्रान्सफॉर्मर. कर्कश असेल तर १००, म्हणजे रेक्टिफायर आणि फिल्टरकडून.

नवा_डाग

जाड गुणगुण. हीटरच्या तारांना पीळ दिलाय.

खर्जषड्ज (पुणे)

नॉब शून्यावर राहते म्हणजे इनपुटच्या वायरचा आणि लॅपटॉपचा संबंध नाही. हीटरचं वाइंडिंग कुठे जमिनीला जोडलंय का? नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर घ्या, हीटरच्या दोन्ही तारांपासून एकेक, मधला बिंदू जमिनीला. बहुतेक वेळा तेवढ्याने जाते. नाही गेली तर ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून तो ९० अंशांत फिरवून बघा, हेडफोन लावूनच, पण स्विच चालू असताना चासीखाली हात न घालता.

जमिनीच्या सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणा: आधी पहिल्या कपॅसिटरची, मग पुढची, शेवटी इनपुटची. चासीला तो बिंदू एकाच ठिकाणी.

नवा_डाग

दोन रेझिस्टरांनी काम झालं. आता शांत. पुढे काय बदलू? ग्रुपवर कुणी ५९९८ घ्यायला सांगतंय, कुणी तेलाचे कपॅसिटर.

खर्जषड्ज (पुणे)

दोन्ही आत्ता नकोत. ५९९८ चांगला आहे, त्याचा अँप्लिफिकेशन फॅक्टर साडेपाचच्या जवळ आणि ट्रान्सकंडक्टन्स दुप्पट, म्हणून आउटपुट इम्पिडन्स खाली येतो. पण मागणीमुळे किंमत अवाच्या सवा झालीय. त्या पैशात दुसरा हेडफोन येतो.

पहिला बदल जवळजवळ फुकट आहे. तुमचा डॅक (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) २ व्होल्ट देत असेल. या सर्किटचा एकूण गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सुमारे ६. हेडफोनला एवढं लागतच नाही, म्हणून नॉब कायम सुरुवातीच्या भागातच राहतो, आणि पोटेन्शिओमीटरचे, म्हणजे नॉबमागच्या पॉटचे, दोन चॅनल नेमके तिथेच जुळत नाहीत. इनपुटला प्रत्येक चॅनलमध्ये १०० के सिरीज लावा, तुमच्या १०० केच्या पॉटबरोबर सिग्नल निम्मा होईल. नॉब मधोमध येईल, डावं-उजवं जुळेल. पॉट चांगला घ्या, आल्प्सचा निळा, खात्रीच्या दुकानातून. नकली फार आहेत.

दुसरा बदल, आणि ज्याचा मला सर्वाधिक फरक जाणवला तो, २२ केच्या जागी करंट सोर्स (करंट एकसारखा ठेवणारं छोटं सर्किट). डीएन२५४० हा ४०० व्होल्टचा डिप्लिशन मॉस्फेट, दोन एकावर एक, आणि करंट ठरवणारा एक रेझिस्टर. ३.७ मिलिअँपिअरला लावा म्हणजे प्लेट होती तिथेच राहील. १२एयू७ला मग जवळजवळ सपाट लोड लाइन मिळते, डिस्टॉर्शन घटतं आणि एचटीवरचा उरलासुरला रिपल प्लेटपर्यंत पोचत नाही. एकट्या १२एयू७चा गेन मात्र १३वरून १८-१९कडे जातो, म्हणून आधी १०० केवालं काम करा. नंतर ३ केच्या जागीही करंट सोर्स करता येतो, त्याला हीटसिंक लागेल.

व्हॉल्व्ह बदलून ऐकणं सगळ्यात शेवटी. १२एयू७च्या जागी ईसीसी८२, ५८१४ए, बीईएल, जे मिळेल ते लावा. पण १२एटी७ किंवा १२एएक्स७ पिना जुळतात म्हणून खोचू नका, त्यांचा बायस वेगळा आहे आणि ६०८०चा कॅथोड भलतीकडे जाईल.

नवा_डाग

१०० के आजच लावतो. डीएन२५४० इथे कुठे मिळतो?

खर्जषड्ज (पुणे)

मोठ्या ऑनलाइन वितरकांकडून मागवा, बाजारात सुट्यात खात्रीचा मिळत नाही. टीओ-२२० पॅकेज घ्या आणि चार नव्हे, सहा मागवा. गेटला १ के रेझिस्टर अगदी पायाशी, नाहीतर तो मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होतो. आकृती उद्या संध्याकाळी काढून इथेच टाकतो.